चौसष्टावं पान

६ जानेवारी १९९४, सकाळी ९

काल संध्याकाळी नदीकाठच्या मैदानात दरवर्षीची मोठी शेकोटी पेटली. ठिणग्या पश्चिमेला गेल्या. पश्चिमेला गेल्या की वर्षभर मक्याच्या पोलेंताची कढई भरलेली, पूर्वेला गेल्या की पोतं उचलायचं आणि दारोदार पीठ मागत फिरायचं, हे आमच्या त्रेविझोत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे यंदाचं वर्ष माझं.

माझी बायको देल्फिना म्हणाली, पूर्वेला गेल्या. मी चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. अर्ध्या जिल्ह्याच्या हद्दी मी आखल्यात. ही बाई आयुष्यभर लग्नाचे झगे शिवत बसली. वाद घातला नाही. फक्त वीस मिनिटं समजावलं.

मग तिने खोलीचा विषय काढला. शेकोटीसमोर, हातात गरम वाइनचा पेला घेऊन, सगळ्या आळीदेखत.

माझा संग्रह तिच्या शिवणखोलीत आहे. म्हणजे पूर्वी तिची होती. मशीन १९९० साली तळघरात ठेवलं, तात्पुरतं. संग्रह म्हणजे जुनी छापील गणिताची पुस्तकं, सगळी चारशे वर्षांपेक्षा जुनी, एकूण अकरा. पूर्ण असं एकही नाही, हे मान्य. एकाला सुरुवात नाही, तिघांना शेवट नाही, एकाच्या भूमितीतून उंदीर आरपार गेलाय, तोसुद्धा अगदी सरळ रेषेत. औषधवाला फावारेत्तो याला 'अनाथाश्रम' म्हणतो. त्याच्याकडे एकच पुस्तक आहे, पण पूर्ण. एका पुस्तकाचा माज किती असावा माणसाला!

करार झाला. ११ जूनला वाचनालयात जुन्या छापील गणिताचं प्रदर्शन आहे. तोवर माझ्याकडे एक, फक्त एक पूर्ण पुस्तक आलं तर खोली कायमची माझी. नाही आलं तर मशीन वर, पुस्तकं तळघरात. हातावर हात मारला. बिचारी. पाच महिने म्हणजे काय थोडे झाले?

यंदाचे संकल्प डोक्यात तयार आहेत. चांगला कागद मिळाला की लिहून काढतो. फडतूस कागदावर संकल्प टिकत नाहीत, हा अनुभव आहे.

९ जानेवारी, दुपारी १

मिळालं! मिळालं! मिळालं!

आझोलोजवळच्या एका खेड्यात वारलेल्या पाद्रीबुवांची पुतणी आहे, एर्मिनियाबाई. तिची शेजाऱ्याशी कुंपणावरून कटकट होती. मी जाऊन हद्द मोजून दिली. बदल्यात तिने काकांच्या कपाटातलं 'ते हिशेबाचं जुनं' दिलं. १४८४ साली छापलेलं. इथेच, आमच्या त्रेविझोत! पिंपातली वाइन कशी मापायची, जाळी आखून गुणाकार कसा करायचा, दोन जासूद दोन गावांहून निघाले तर कुठे भेटतील. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मोठी माणसं नाव लावत नाहीत. (प्रदर्शनातल्या माझ्या कार्डावर मात्र पूर्ण नाव हवं. ओत्तोरीनो झांकेत्ता यांच्या संग्रहातून. ठळक.)

पानं तीनदा मोजली. ६३, ६२, ६४. सरासरी ६३. मोजणीत असंच करतात.

पहिलं पान आहे. शेवटचं पान आहे, खाली 'समाप्त' छापलंय. म्हणजे पूर्ण. पुस्तकाच्या मागे एक कोरा कागद सुटा पडला होता. मी बाजूला काढला तर एर्मिनियाबाई म्हणाली, "तो पण त्याचाच आहे हो, काका म्हणायचे." साधी माणसं. रद्दीचा कपटासुद्धा सोडवत नाही. तिचं मन राखायला खिशात टाकला.

त्याच दिवशी, दुपारी ४

तो कोरा कागद झकास निघाला. जाड, दुधाळ, करकरीत. संकल्पांसाठी साक्षात देवानेच धाडलेला. तीन बाजू जरा फाटल्यासारख्या वाकड्या होत्या, त्या पट्टी लावून ब्लेडने काटकोनात आणल्या. नकाशाची काळी शाई घेतली. ही शाई एकदा बसली की शंभर वर्षं हलत नाही, पाण्याने नाही, ब्लीचने नाही. लिहिलं:

१. यंदा एक पुस्तक पूर्ण. (झालंच!)
२. आधी नीट बघायचं, मग बोलायचं.
३. जुन्या कागदाला हात लावण्याआधी हात धुवायचे.
४. फावारेत्तोच्या तोंडी लागायचं नाही.
५. ग्रापा फक्त रविवारी.
६. देल्फिना काही सांगेल ते ऐकायचं (शिवणाचा विषय सोडून).
७. रोज अर्धा तास चालणे.

खाली पूर्ण सही, तारीख आणि मोजणीदाराचा गोल शिक्का. शिक्का निवृत्तीच्या वेळी परत करायचा राहून गेला होता. चारी कोपऱ्यांना टेप लावून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चिकटवला, म्हणजे रोज कॉफी घेताना समोर.

देल्फिना भांडी घासता घासता बघत होती. म्हणाली, "या कागदाच्या एका कडेला टाक्यांची भोकं आहेत. कशाला तरी शिवलेला होता हा." मी म्हटलं, कसर लागलीय. म्हणाली, "कसर काय ओळंबा धरून खाते का? आणि आत शिंगासारखं काहीतरी दिसतंय उजेडात." मी म्हटलं, तुझा चष्मा बदलायला झालाय. संकल्प ६ पाळला: ऐकून घेतलं.

१५ जानेवारी

थंडी फार, घोटभर ग्रापाशिवाय अंगात ऊब येत नाही. संकल्प ५ मध्ये बारीक अक्षरात दुरुस्ती: 'रविवारी, तसेच शून्याखालच्या दिवशी.' संकल्प ७ मध्येही: 'धुकं नसल्यास.' जानेवारीत इथे धुकं नसतं कधी!

मासळीबाजाराजवळच्या बारमध्ये फावारेत्तोला पुस्तक दाखवलं. चष्मा शोधायला लागला. सगळे खिसे उलटे केले, टेबलाखाली वाकला, पोराला दुकानात पिटाळणार होता. चष्मा कपाळावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी पोट धरून हसलो. असली माणसं औषधं देतात गावाला. मग चष्मा नाकावर ओढून त्याने पुस्तक पुढून-मागून चाळलं. थोड्या वेळाने विचारलं, "सगळं आहे ना नक्की?" मी म्हटलं, पहिल्या पानापासून 'समाप्त'पर्यंत.

संकल्प ४ ला पुरवणी जोडली: 'त्याने सुरुवात केल्यास अपवाद.'

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

लिहिवत नाही. पण लिहितो.

वाचनालयात जुन्या छापील ग्रंथांच्या प्रमुख आहेत सार्तोरेलबाई. वय फार नाही, पण बोलणं असं की माणूस आपोआप सरळ बसतो. प्रदर्शन त्याच मांडणार. मधली काचपेटी कोणाला, ते त्याच ठरवणार, आणि मधल्या पेटीत पूर्ण पुस्तकच जाणार. मी पुस्तक समोर ठेवलं आणि मधली पेटी किती रुंद आहे ते विचारलं.

त्यांनी पानं मोजली नाहीत. गठ्ठे मोजले. म्हणाल्या, "मोजणीदारसाहेब, हे पुस्तक आठ-आठ पानांच्या गठ्ठ्यांनी शिवलेलं आहे. आठ गठ्ठे. शेवटच्या गठ्ठ्यात सातच पानं आहेत. चौसष्टावं पान नाही." मी म्हटलं, अहो, त्रेसष्टाव्यावर 'समाप्त' छापलंय, मग चौसष्टाव्यावर काय असणार? त्या म्हणाल्या, "काही नाही. ते कोरंच होतं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"कोरं असलं तरी पुस्तकाचंच आहे," म्हणाल्या. "ते नसेल तर पुस्तक अपूर्ण." मग सत्तावन्नावं पान उजेडात धरून दाखवलं. कागद बनवतानाच आत उमटवलेली खूण दिसते: बैलाचं अर्धं तोंड, एक डोळा, एक शिंग. सत्तावन्न आणि चौसष्ट ही एकाच घडीची दोन पानं. म्हणजे बैलाचा दुसरा अर्धा भाग चौसष्टाव्यावर. तो कुठेतरी फिरतोय.

ज्यावर काही लिहिलेलं नाही असं पान नाही म्हणून माझं पुस्तक अपूर्ण! याला म्हणतात सरकारी डोकं.

३ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. बाईंचं अगदी बरोबर आहे. कोरं पान हाच खरा पुस्तकाचा आत्मा. छापलेलं काय, कोणीही वाचेल. बारमध्ये फावारेत्तोला पाऊण तास समजावलं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या पुस्तकाचं कोरं पान आहे म्हणाला, पण त्याला त्याची किंमत नाही.

बैलाचा दुसरा अर्धा भाग शोधून काढणार. माझ्यासारख्याने हद्दीचे पुरलेले दगड शोधलेत. एक पान म्हणजे किस झाड की पत्ती!

२१ फेब्रुवारी

मोहीम सुरू. इटलीतल्या चाळीस ग्रंथविक्रेत्यांना आणि वाचनालयांना पत्रं: 'आपल्याकडे १४८५ च्या सुमाराचं कोरं पान असल्यास कळवावे. त्यावर काहीही लिहिलेलं नसावं.' देल्फिनाने पत्र वाचलं आणि ॲप्रन तोंडाला लावला. हसत होती. अडाणीपणा, दुसरं काय.

रोज सकाळी कॉफी घेताना संकल्प वाचायचा नियम होता. पण ऊन नेमकं त्या कागदातून डोळ्यांवर येतं. आता खिडकीकडे पाठ करून बसतो. संकल्प तोंडपाठ आहेतच.

१२ मार्च

आठ उत्तरं आली. सहा जणांनी 'नाही' म्हटलं. एकाने विचारलं, प्रकृती बरी आहे ना? मिलानच्या एका कागदवाल्याने छपाईच्या कागदाचे नमुने पाठवले, पाच रंगांत.

जातीने शोध चालू. दिसेल तो कागद उजेडात धरतो. खाटकाचा, बेकरीचा, चर्चच्या दारावरची लग्नाची नोटीस. नोटीस काढल्याबद्दल नवरीच्या बापाने दोन शब्द सुनावले. चर्चच्या कोठीत जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, त्यांची कोरी पानं बघत होतो तर कोठीवाला केरसुणी घेऊन धावला. एका वहीला कोणा महाभागाने टेप चिकटवली होती! शिवाय बाइंडरने तिन्ही कडा कापून सरळ केलेल्या! तिथेच ओरडलो: जुन्या कागदाच्या कडा कापणाऱ्यांना आणि टेप लावणाऱ्यांना फासावर द्यायला पाहिजे. कोठीवाला घाबरून मागे सरला. त्याला माझं म्हणणं पटलं.

देल्फिना म्हणाली, "गावभर उन्हाकडे कागद धरून फिरतोस. घरातले बघितलेस का?" मी म्हटलं, घरातले कागद मी ओळखतो. आधी नीट बघायचं मग बोलायचं, हा माझा संकल्पच आहे. ती खिडकीकडे बघून काहीतरी बोलणार होती. पण मी शिवणखोलीत निघून गेलो. टेन्शन फार आहे.

संकल्प ३ ला पुरवणी: 'चर्चमधल्या वह्यांना लागू नाही.' कागदावर आता फारशी जागा उरली नाही. बारीक निब आणली.

८ एप्रिल

पादोव्याच्या काल्त्साव्हारा नावाच्या ग्रंथविक्रेत्या बाईंचं पत्र. कोरं पान आहे! १४८५ च्या आसपासचं! जीव भांड्यात पडला.

पण बाईंना बदल्यात माझी अकरा पुस्तकं हवी आहेत. अकराच्या अकरा.

९ एप्रिल

नाही म्हणजे नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो. अकरा पुस्तकं म्हणजे अकरा वर्षं. एकेक मी कुठून कुठून आणलंय. उंदराचं तर मी देल्फिनाच्या बहिणीच्या लग्नातून उठून जाऊन आणलं होतं.

१० एप्रिल

शांतपणे विचार केला. अकरा अपूर्ण पुस्तकं म्हणजे काय? अकरा वेळा आलेलं अपयश. एक पूर्ण पुस्तक म्हणजे यश. अकरा अपयशं देऊन एक यश! बाईंना हिशेब येत नाही असं दिसतं.

१३ एप्रिल

दिली. खोकी गाडीत ठेवताना देल्फिना दारात उभी होती. म्हणाली, "छापलेली अकरा पुस्तकं देऊन एक कोरं पान आणतोस? त्या बाईला माझा दंडवत सांग." पण मग जवळ आली आणि उंदराचं पुस्तक स्वतः फडक्यात गुंडाळून दिलं. म्हणाली, "हे वर ठेव, दबेल." मला उगाचच भरून आलं. पादोव्यापर्यंत रेडिओ लावला नाही.

१४ एप्रिल

शिवणखोलीत, म्हणजे ग्रंथालयात, पाय ठेववत नाही. रिकाम्या फळ्या बघायच्या या विचारानेच गलबलतं. पुस्तक आणि नवीन कोरं पान उशाशी ठेवतो. दार लावून घेतलंय. ११ जूननंतरच उघडीन.

२ मे

कोरं पान उजेडात नीट पाहिलं. बैल नाही. नांगर आहे, जहाजाचा.

दुपारी ३. पुन्हा पाहिलं. नांगराला दोन टोकं वर वळलेली असतात. बैलाला दोन शिंगं वर वळलेली असतात. डोळे किलकिले केले तर फरक राहत नाही.

दुपारी ४. देल्फिनाला विचारलं, काय दिसतं? म्हणाली, "नांगर." तिचा चष्मा बदलायला झालाय हे मी जानेवारीतच म्हटलं होतं.

दुपारी ५. काल्त्साव्हाराबाईंना फोन. बाई गोड बोलतात. "साहेब, आपण १४८५ चं कोरं पान मागितलंत. ते १४८५ चं आहे. ते कोरं आहे." पुस्तकं परत मिळणार नाहीत.

१७ मे

भिंतीतून खडखड, खडखड आवाज येतो. दुपारी दोन तास, कधी तीन. पाण्याच्या पाइपात हवा अडकली असणार. देल्फिनाला म्हटलं, प्लंबरला बोलाव. ती म्हणाली, "आपोआप थांबेल." बायकांना मशीनरीतलं काही कळत नाही.

२३ मे

प्लॅन फायनल. रविवारी सार्तोरेलबाईंना जेवायला बोलावलंय. पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा मोसम आहे, देल्फिनाच्या हातची अंडं-शतावरी खाऊन भलेभले विरघळतात. जेवण, वाइन, आणि मग दिवाणखान्यातल्या मंद उजेडात नांगराचं पान हळूच दाखवायचं. फावारेत्तोलाही बोलावलंय. त्याचं तोंड बघायचंय मला.

२९ मे, संध्याकाळी ७

क्रमाने लिहितो.

साडेबारा. सगळे आले. दिवाणखान्यात टेबल मांडलं होतं, पण सार्तोरेलबाई देल्फिनाला मदत करायला स्वयंपाकघरात गेल्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही पाहुण्या. त्या म्हणाल्या, निदान सोलून तरी देते.

बारा पस्तीस. स्वयंपाकघरात बाई शतावरी सोलत होत्या. मग बाईंचा आवाज, अगदी हळू: "हे खिडकीवर कोणी चिकटवलं?"

मी अभिमानाने पुढे झालो. म्हटलं, माझे संकल्प. वर्षभर टिकतील अशा शाईने लिहिलेत. बाईंनी हातातली शतावरी खाली ठेवली. हात धुतले. (संकल्प ३! मला वाटलं, वाचून प्रभाव पडला.) चष्मा लावला. दुपारचं ऊन थेट काचेतून येत होतं. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं हवेत फिरवलं. इथे शिंग. इथे डोळा. इथे अर्धं नाक.

मी म्हटलं, तो पोलेंताचा डाग असेल.

"पुस्तक आणा," बाई म्हणाल्या.

आणलं. सत्तावन्नावं पान काचेला लावलं. अर्धा बैल आणि अर्धा बैल. शिंगाला शिंग. मधोमध 'संकल्प ५: ग्रापा फक्त रविवारी, तसेच शून्याखालच्या दिवशी, तसेच पाहुणे असल्यास' ही ओळ बैलाच्या कपाळावरून गेलेली.

फावारेत्तो मागून वाचत होता. मोठ्याने. औषधाची चिठ्ठी वाचतो तसा. " 'फावारेत्तोच्या तोंडी लागायचं नाही.' अच्छा! 'त्याने सुरुवात केल्यास अपवाद.' अरे वा, वा! ओत्तोरीनो, माझा चष्मा कपाळावर होता तेव्हा तू किती हसला होतास रे?"

सार्तोरेलबाई म्हणाल्या, शिवणीची भोकंही जुळतात का बघायला हवं. देल्फिना सुई घेऊन आली. पुस्तकाच्या पाठीची भोकं, कागदाच्या कडेची भोकं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही जुळली. मग तिने सुई पदकासारखी ॲप्रनला टोचली आणि माझ्याकडे पाहिलं. 'मी जानेवारीतच म्हटलं होतं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बाईंना मी विचारलं, शाई निघेल का? त्यांनी विचारलं, कुठली आहे? मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पाचशे दहा वर्षं, म्हणाल्या. सैन्यं येऊन गेली, पूर आले, बॉम्ब पडले. पाचशे दहा वर्षं त्या पानावर कोणी एक ठिपका काढला नाही.

मग, खोटं कशाला लिहू, त्यांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले. देल्फिना हसली. फावारेत्तो तर भिंतीला टेकून खालीच बसला. मीही हसलो. म्हणजे तोंड तसं केलं.

शतावरी करपली.

३० मे

एक मुद्दा मात्र कोणाच्या लक्षात आला नाही. पुस्तक आता पूर्ण आहे! चौसष्ट पानं! करार मी जिंकलो! सार्तोरेलबाईंना फोन करून लेखी मागितलं. त्या म्हणाल्या, "हो, पूर्ण आहे. कोरं नाही, पण पूर्ण आहे. मधली पेटी तुमची."

मधली पेटी! ठिणग्या पश्चिमेलाच गेल्या होत्या!

देल्फिनाला सांगितलं. म्हणाली, "करार म्हणजे करार. खोली तुझी. जा, उघड."

उघडली. फळ्यांवर कापडाचे तागे. खिडकीपाशी मशीन. मशीनखाली चिंध्या, पुतळ्यावर अर्धा शिवलेला पांढरा झगा. पाइपातली हवा हीच. विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, "तू पादोव्याला गेलास त्या दुपारपासून. दार लावून घेतलंस, मला वाटलं बघून घेतलंस."

मग झग्यावरून हात फिरवत म्हणाली, "हरलेय मी. उद्या उतरवते खाली. फक्त हा झगा पुरा होऊ दे, बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न आहे." माझ्याकडे बघत नव्हती. चार वर्षांत मी तिला या खोलीत इतकी खूश बघितली नव्हती. खरं म्हणजे बघितलीच नव्हती.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

११ जून, रात्री

प्रदर्शन. मधली पेटी. लाल मखमल, वरून दिवा. कार्डावर माझं नाव.

पुस्तक शेवटच्या पानावर उघडून ठेवलंय.

मी सार्तोरेलबाईंना कोपऱ्यात घेऊन विनवलं, जासुदांच्या गणितावर उघडा, पिंपावर उघडा, कुठेही उघडा. त्या म्हणाल्या, "जासूद सगळ्यांनी पाहिलेत. हे कोणी पाहिलेलं नाही." मग म्हटलं, निदान कार्डावरचं नाव तरी काढा. त्या म्हणाल्या, काढते. काढलंही. पण पानावर पूर्ण सही आहे, तारीख आहे, आणि गोल शिक्क्यात 'ओत्तोरीनो झांकेत्ता, मोजणीदार, त्रेविझो' असं गोल फिरून लिहिलंय. शंभर वर्षं हलणार नाही.

रांग दारापर्यंत. फावारेत्तोच्या पुस्तकाकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं, म्हणून तोही माझ्याच रांगेत. चर्चचा कोठीवाला आला होता. त्याने 'चर्चमधल्या वह्यांना लागू नाही' दोनदा वाचलं. नवरीचा बाप आला होता. एर्मिनियाबाई आली होती, सगळ्यांना सांगत होती, "मी म्हटलं होतं हो, तो कागद त्याचाच आहे." एका शाळेच्या मास्तरीणबाईंनी मुलांना विचारलं, या गृहस्थाने सातपैकी किती संकल्प पाळले? मुलांनी बोटांवर मोजलं. मी बाहेर जाऊन कालव्यातली बदकं बघितली.

परत आलो तर देल्फिना पेटीसमोर उभी. लोक तिला वळसा घालून जात होते. सहावा संकल्प वाचत होती: 'देल्फिना काही सांगेल ते ऐकायचं (शिवणाचा विषय सोडून).' मी शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, तो कंस मला आता खोडायचाय. ती म्हणाली, "खबरदार त्या पानाला हात लावलास तर."

मग मीच तोंडाने खोडला. तिथेच, सगळ्यांदेखत. म्हटलं, मशीन खोलीतच राहू दे. खोली तुझी. माझ्या कोटाचं एक बटण सैल झालं होतं, ते ती बोटात धरून बघत राहिली. दुपारभर हात तिथेच होता.

१२ जून, सकाळी १०

मी मोठ्या मनाने खोली परत केली, ही गोष्ट गावात कोणी बोलत नाही. बैलाचीच बोलतात.

स्वयंपाकघरात बसलोय. खिडकीची काच मोकळी. पलीकडे खडखड चालू आहे, बटणही टाचून झालं. आता नवीन संकल्प करायला हवेत, थोडेच, पाळता येतील असे. देल्फिनाला हाक मारली, म्हटलं, एखादा कोरा कागद असला तर दे.

तिने मशीन थांबवलं. कपाटातून एक कागद काढला, खिडकीपाशी गेली, उजेडात धरून पुढून पाहिला, मागून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं. मग दिला.